आखूड दिवसांची तुकडी

घंटा झाली तेव्हा माझा एक पाय पायडलवर होता आणि दुसरा जमिनीवर.

"हौसा, घंटा," शालन म्हणाली. तिनं मागून सायकलची सीट धरली होती.

"ऐकली. एक फेरी मारू दे."

"कालपण एक फेरी म्हणालीस. फेरी तू मारलीस आणि बोलणी मी खाल्ली."

"आज मी खाते."

"खा नाहीतर उपाशी ऱ्हा, मी निघाले," असं म्हणून तिनं सीट सोडली, आणि मी सायकलसकट डावीकडं कलंडले. त्या आठवड्यातलं ते सातवं पडणं. डावा गुडघा सोलून निघाला होता. उजवा मात्र धड होता, कारण उजवीकडं पडायलाही थोडा वेग लागतो, आणि तेवढा मला अजून आला नव्हता.

सायकल ढकलत रस्ता ओलांडून आम्ही पळालो. वसतिगृहाच्या फाटकात देवपुजारीबाई उभ्या होत्या. उंच, हडकुळ्या, पांढरं पातळ, एका हातात पितळी घंटा आणि दुसऱ्या हातात कुलूप.

"आत या पोट्ट्यांनो. दिवस मावळला."

ही एकसष्ट सालातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते आणि ग्रामसेविकेचं शिक्षण घ्यायला कृष्णाकाठच्या एका केंद्रात आले होते. सहा महिन्यांची तुकडी, आम्ही अकराजणी. बिनधुराची चूल कशी घालायची, कोंबड्यांना लस कशी टोचायची, शोषखड्डा किती खोल खणायचा, हे सगळं मला छान जमलं. अडलं होतं ते सायकलपाशी. ग्रामसेविकेकडं सहा-सात गावं असायची, म्हणून सायकल आलीच पाहिजे असा नियम होता. शेवटी सायकलीची परीक्षा, आणि नापास झाली तर नेमणूक नाही. तारीख ठरली होती बावीस डिसेंबर.

नेमणूक मिळाली नाही तर काय होणार तेही ठरलं होतं. माझ्या आईनं मला निरोप देताना, टोपलीत भाकरी बांधता बांधता सांगितलं होतं, "पास झालीस तर नोकरी कर. न्हाई झालीस तर माघात मामाच्या दत्तूशी उरकून टाकू." दत्तू काही वाईट नव्हता. पण तो दिवसभर बैलाशी बोलायचा आणि माणसांशी बोलायची वेळ आली की शिंकायचा. मला नोकरी हवी होती.

मग सायकल मी पाच महिने का शिकले नव्हते? तर माझ्या चुलतबहिणीमुळं. यमुआक्का माझ्या आधीच्या तुकडीला, जानेवारी ते जून, त्याच केंद्रात शिकून गेली होती. मी निघाले तेव्हा तिनं मोठ्या अधिकारानं सांगितलं, "सायकलीची घाई करू नको. आधी पाठांतर उरक. मी शेवटच्या तीन आठवड्यांत शिकले. पाचला वर्ग सुटतो, पुढं दोन तास लख्ख उजेड असतो."

मी आक्काचं ऐकलं. पावसाळ्यात मैदानात चिखल होता म्हणून तसंही कुणी शिकत नव्हतं. नोव्हेंबर सरता सरता पाठांतर उरकून मी ऐटीत सायकलीकडं गेले, आणि पाहते तो काय, पाचला वर्ग सुटला, सायकल मिळेपर्यंत पाच वाजून दहा मिनिटं झाली, आणि पाच बत्तीसला बाईंची घंटा. त्यात सायकल न येणाऱ्या आम्ही चौघी आणि सायकल एक. प्रत्येकीला साडेपाच मिनिटं. सकाळी उजाडायलाच सात वाजायचे आणि सव्वासातला प्रार्थना. रविवारी सायकल गोदामात कुलपात.

मी आक्काला कार्ड टाकलं. तिचं उत्तर आलं: "आमच्या वेळी घंटा सातला व्हायची. तुमच्या घड्याळात काहीतरी घोळ आहे."

घड्याळ वसतिगृहात एकच होतं, बाईंच्या मनगटावर. मला वाटलं, घोळ घड्याळात नसून बाईंत आहे. आमच्या तुकडीवर त्यांचा राग असावा.

त्या दिवशी, सातव्यांदा पडल्यावर, मी धीर केला.

"बाई, आमच्या आक्काच्या वेळी घंटा सातला व्हायची."

"व्हायची. तेव्हा सूर्य सातला मावळायचा."

"आम्हाला अर्धा तास जादा द्या की. परीक्षेपुरता."

"माझा नियम काय आहे?"

"दिवस मावळायच्या आत फाटकाच्या आत."

"मग? नियम तोच आहे, जूनमध्येही आणि आताही. दिवस आखूड झाला तर मी काय करू? सूर्याला सांग जा." त्यांनी कुलूप लावलं. "आणि रोज उशीर करून राहिली तू. आजपासून आठ दिवस पावटे सोलायचे, मागच्या अंगणात बसून, एकटीनं."

मागच्या दारी मी पावट्यांची पाटी घेऊन बसले. आमचं केंद्र डोंगराच्या पायथ्याशी होतं. पश्चिमेला डोंगर, त्यामुळं ऊन साडेपाचलाच अंगणातून उठून जायचं. एरवी घंटा झाली की आम्ही स्वयंपाकघरात कामाला लागायचो, त्यामुळं मागच्या दारी संध्याकाळी बसायची माझी पहिलीच वेळ. पावटे सोलत मी सहज पूर्वेकडं पाहिलं. नदीपलीकडं टेकडी होती, आणि टेकडीवर ऊन होतं. चांगलं पिवळंधमक.

आमचं गावही असंच डोंगराच्या पोटात. तिथं दिवस मावळला की नाही हे समोरच्या डोंगरावरून ठरायचं. आपल्या दारात सावली आली म्हणजे दिवस गेला असं नाही. समोरच्या डोंगराच्या डोक्यावरचं ऊन गेलं की गेला. माझे आबा त्याआधी खुरपं खाली ठेवू देत नसत. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. अर्धी पाटी सोलून झाली तरी टेकडीवर ऊन.

तिसऱ्या दिवशी बाई पावटे बघायला आल्या.

"एवढेच?"

"बाई, दिवस अजून मावळला न्हाई."

"काय?"

"त्या टेकडीवर ऊन हाय बघा. ऊन हाय म्हणजे दिवस हाय. आमच्यात असंच धरत्यात."

बाईंनी टेकडीकडं पाहिलं. मग मनगटाकडं. मला वाटलं आता पावट्यांचे आठ दिवस पंधरा होणार. त्या आत गेल्या, पाट घेऊन आल्या, आणि माझ्याशेजारी बसल्या. एक शेंग उचलून सोलू लागल्या.

"केव्हा जातं हे ऊन?"

"अजून लई वेळ हाय."

आम्ही दोघी बसून राहिलो. बाई एक शेंग सोलायच्या, एकदा घड्याळ पाहायच्या. ऊन टेकडीच्या कमरेवरून खांद्यावर गेलं, खांद्यावरून माथ्यावरच्या एका झाडावर राहिलं, आणि मग गेलं.

"सहा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "अठ्ठावीस मिनिटं. बाप्पा रे. अठ्ठावीस."

"काय झालं बाई?"

त्या उठून आत गेल्या आणि भिंतीवरचं पंचांग घेऊन आल्या. त्यांची घंटा त्या पंचांगावर चालायची हे आम्हाला माहीत होतं. रोज सकाळी चष्मा लावून त्या सूर्यास्ताची वेळ बघायच्या. त्यांनी पहिलं पान माझ्यापुढं धरलं. वर लिहिलं होतं, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा नागपूरच्या.

"भाऊ दर वर्षी पाठवतो तिकडून," त्या म्हणाल्या.

"म्हंजे आम्ही इथं नागपूरचा दिवस मावळला की आत येतोय?"

मला हसू यायला लागलं, पण बाईंकडं बघून मी ते गिळलं.

"तुला वाटत असेल, या बाईला एवढंही समजत नाही. समजतं. नागपूर पूर्वेला आहे, तिथला सूर्य आधी मावळतो, हे मला ठाऊक होतं. मी इथं आले ती जूनमध्ये. पहिल्याच आठवड्यात एक दिवस आभाळ उघडलं, तेव्हा छतावर जाऊन मोजलं मी. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडं, डोंगराच्या बाजूला मावळतो, छतावरून दिसतो. बारा मिनिटांचा फरक निघाला. म्हटलं, बारा मिनिटांनी कोणाचं काय बिघडतं? तेव्हापासून तीन वर्षं मी बाराच धरून चालली. थंडीत त्याचे अठ्ठावीस होतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पण बाई, इथलं पंचांग का न्हाई घेतलंत? गुरवाकडं हाय की."

त्यांनी तीन-चार शेंगा सोलल्या.

"माझी आई आहे तिकडं. महाल मोहल्ल्यात. पंच्याऐंशीची. डोळ्यांनी दिसत नाही, पत्र पाठवलं तर वाचायला दुसरं कोणी लागतं, आणि दुसऱ्यानं वाचायचं म्हटलं की मी तरी काय लिहू? नोकरीला निघाले तेव्हा मला म्हणाली, 'तुळशीपाशी मी दिवा लावते त्याच वेळी तूही लावत जा. मग आपण एकाच घरात आहो असं मी समजेन.' घंटा वाजवते, तुम्हाला आत घेते आणि लगेच दिवा लावते मी. तिकडं तीही लावत असते. घंटा आणि दिवा वेगळे करायचे हे कधी सुचलंच नाही."

तीन वर्षं केंद्रातल्या मुली त्या बाईंना कडक म्हणत होत्या. आमच्या तुकडीनं तर त्यांचं नाव 'कुलूपबाई' ठेवलं होतं, आणि ते ठेवण्यात मी पुढं होते. मी पावट्याची शेंग सालासकट पातेल्यात टाकली.

"सालं टाकून राहिली तू," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि नेहमीचा आवाज काढला. "उद्यापासून दिवा नागपूरचा आणि फाटक इथलं. सहाला घंटा. पण सहा म्हणजे सहा. आणि शिक्षा चालू आहे. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. पावटे सकाळी सोलायचे."

थंडीत बाराचे अठ्ठावीस का होतात हे त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारभर विचार करून शोधलं आणि जेवताना आम्हा सगळ्यांना सांगितलं. नागपूर नुसतं पूर्वेला नाही, आपल्या बरंच उत्तरेलाही आहे. उन्हाळ्यात तिकडचा दिवस आपल्यापेक्षा मोठा, आणि थंडीत आपल्यापेक्षा लहान. उन्हाळ्यात तो मोठेपणा फरक झाकून टाकतो, थंडीत उघडा पाडतो. "आणि इथंही बघा," त्या म्हणाल्या, "जूनचा मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांहून जास्त, आणि डिसेंबरचा लहानात लहान अकराचा. दोन तासांचा फरक. तरी केंद्राचं वेळापत्रक दोन्ही तुकड्यांना एकच. कोणी केलं असेल?"

"नागपूरच्या माणसानं," शालन हळूच म्हणाली. बाईंनी ऐकलं, पण आमटी वाढत राहिल्या.

पुढचे चौदा दिवस मी रोज मैदानावर होते. घंटा सहाला गेल्यामुळं चौघींना बारा-बारा मिनिटं मिळू लागली. बाई पाच बत्तीसला दिवा लावायच्या आणि मग शाल पांघरून मैदानावर यायच्या. त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती, पण सल्ले द्यायला त्यामुळं काही अडलं नाही. "समोर पाहा. चाकाकडं काय पाहून राहिली? चाक जागेवरच आहे." मी बसायला शिकले, चालवायला शिकले, वळायला शिकले. एकदा उजवीकडंही पडले. शालननं टाळ्या वाजवल्या. बारा मिनिटांत एकच गोष्ट बसत नव्हती, ती म्हणजे उतरणं. माझी पाळी संपली की पुढची मुलगी मला धरायची आणि मी तिच्या अंगावर उतरायची. त्यात काही कमी आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

बावीस डिसेंबर उजाडला. परीक्षा दुपारी दोनला होती. आम्ही अकराजणी पदर खोचून दीडपासून रांगेत. दोन वाजले, तीन वाजले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांची जीप वाटेत बंद पडली होती. पाटणकरसाहेब आले तेव्हा साडेचार झाले होते. घामाघूम, हात ग्रीसनं काळे, आणि पोटात दुपारचं जेवण नाही. एकेकीनं मैलाच्या दगडाला वळसा घालून परत यायचं. एकेकीला सात-आठ मिनिटं लागत होती. नावं यादीप्रमाणे, आणि यादीत माझं नाव शेवटचं.

डोंगराची सावली मैदानावर आली. मध्येच बाई आत गेल्या, दिवा लावून परत आल्या. शालन पास झाली. दहावी मुलगी परत आली तेव्हा साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"झालं. अंधार पडायला लागला. राहिली एकच ना? तिची जूनच्या तुकडीबरोबर घेऊ."

माझ्या डोळ्यांपुढं मामाचा दत्तू शिंकला.

"साहेब," बाई पुढं आल्या, "सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांनी आहे. आता पाच चौपन्न झालेत."

"अहो, सूर्य गेला की डोंगराआड."

"डोंगराआड गेला म्हणून मावळत नाही. ती टेकडी पाहा. ऊन आहे की नाही?"

साहेबांनी टेकडी पाहिली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गुरवाकडून आणलेल्या इथल्या पंचांगानं. आणि त्याआधी या पोट्टीनं."

"बाई, आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस, आणि त्यातली शेवटची अकरा मिनिटंसुद्धा तुम्ही मला सोडत नाही."

"लहान आहे म्हणून अर्धा टाकून द्यायचा का साहेब? मोठा असता तर मीच म्हटलं असतं, जाऊ द्या."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी टोपण काढलं. "बस गं. काय नाव?"

"हौसा बाबूराव जगताप."

"अकरा मिनिटं आहेत तुला, हौसा. पळव."

मी टांग टाकली. शालन धरायला पुढं आली, पण परीक्षेत धरायचं नसतं. मी एकटीच निघाले. रस्त्यावर सावली होती, पण वाट दिसत होती. समोर टेकडीवर तेवढं ऊन. मैलाच्या दगडापाशी मी सायकल अशी वळवली की दगडावर बसलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. परत येताना उतार होता. पदर सुटला, अंबाडा सुटला, मी नाही सुटले. लांबून मैदानावरची माणसं मोठी मोठी होत आली, आणि टेकडीच्या माथ्यावर अजून ऊन होतं.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "उतर."

मी त्यांच्यासमोरून पुढं गेले.

"अगं, उतर म्हणतोय."

मी मैदानाला वळसा घेतला आणि पुन्हा त्यांच्यासमोरून गेले. "येत न्हाई साहेब."

"काय येत नाही?"

उत्तर द्यायला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. "उतरायला."

साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी दुसरीकडं पाहिलं. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते मोठ्यानं वाचत होते: "'उमेदवारास एक मैल अंतर सायकल चालविता आली पाहिजे.' उतरण्याचा इथं काही उल्लेख नाही." चौथ्यांदा गेले तेव्हा ते सही करत होते. आणि हसत होते, इतके की त्यांचं पेन सरळ चालेना.

पाचव्या फेरीला माझे पाय थकले, हँडल वाकडं झालं, आणि सायकल मैदान सोडून रस्त्याला लागली. मागून पावलं ऐकू आली. मला वाटलं शालन असेल. पण आवाज आला, "समोर पाहा. चाकाकडं पाहू नको." देवपुजारीबाई निऱ्या उचलून, शाल टाकून, पन्नाशी विसरून धावत होत्या. त्यांनी कॅरिअर धरला आणि टाचा रोवल्या. आम्ही दोघी आणि सायकल एका बाभळीपाशी थांबलो.

"झालीस पास?" त्या धापा टाकत म्हणाल्या. त्यांचे डोळे सायकलीवर होते, सही त्यांनी पाहिलीच नव्हती.

"झाले बाई."

"मग रडून काय राहिली?"

मला ते माहीतच नव्हतं.

जानेवारीत नेमणुकीचं पत्र आलं. सात गावं मिळाली, आणि सरकारी सायकल, नवी, हिरवी. शिकायला आता संध्याकाळी भरपूर वेळ होता, पण उतरायला शिकवणारं तिथं कुणी नव्हतं. पहिले पंधरा दिवस मी गावात शिरले की एखादी चांगली भिंत बघायची, तिला हात टेकवायची आणि थांबायची. पलीकडच्या गावी बातमी गेली की नवी बाई आल्या आल्या घरांच्या भिंती तपासते. चौथ्या गावाला मी पोचले तेव्हा वेशीपासून चावडीपर्यंत सगळ्या भिंती ताज्या सारवलेल्या होत्या, आणि माझा हात पाचही बोटांनिशी पाटलांच्या भिंतीवर उमटला.